वराहावताराचे लघुचित्र कसे रंगवावे : बेळगाव-खानापूर परिसरातील हौशी चित्रकारांसाठी

पुराणकथेचे लघुचित्र करायला बसणाऱ्याने कागद आणि रंग यांच्याआधी एका गोष्टीचा निर्णय घ्यावा, तो म्हणजे कथेतला नेमका कोणता क्षण चितारायचा. कागद आडवा की उभा, क्षितिज किती उंचावर, पात्रे किती आणि कोणाची नजर कोणाकडे, हे सारे त्या एका निवडीतून ठरत जाते. या लेखात उदाहरणादाखल वराहावतार घेतला आहे, कारण तो आपल्या भागात पाहायला मिळतो. खानापूर तालुक्यातील हलशी ही कदंबांची पलाशिका, आणि तेथील भूवराह-नरसिंह मंदिरात वराहाची मूर्ती आहे. थोडे पुढे जायची तयारी असेल तर बदामीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या लेण्यात वराहाचे भव्य शिल्पपट आहेत; तिसऱ्या लेण्यातील शिलालेख इ. स. ५७८ चा आहे, आणि वराह हे तर बदामीच्या चालुक्यांचे राजचिन्हच होते. चित्र सुरू करण्यापूर्वी यांपैकी एका ठिकाणी जाऊन पेन्सिलीने दोन-चार रेखाटने करून आणावीत. छायाचित्रावरून केलेल्या रेखाटनात मानेचा आणि सुळ्यांचा झोक हमखास चुकतो.

मूर्तीची नक्कल मात्र लघुचित्रात उतरवू नये. शिल्पकाराला पृथ्वी दाखवायची असते तेव्हा तो सामान्यतः भूदेवीची स्त्रीमूर्ती घडवतो आणि तिला वराहाच्या हातावर किंवा खांद्यापाशी बसवतो. चित्रकाराला आणखी एक वाट मोकळी असते, ती म्हणजे डोंगर, झाडे आणि घरे असलेला भूमीचा एक तुकडाच सुळ्यांवर पेलून धरलेला दाखवण्याची. दगडात हे साधणे कठीण. रंगात मात्र बोटभर जागेत अख्खे गाव बसवता येते, आणि लघुचित्राची खरी गंमत तिथेच आहे.

आता कथा. ती ऐकीव स्वरूपात आपल्याला ठाऊक असते, पण चित्रासाठी मूळ वाचणे फार उपयोगाचे ठरते, कारण चित्रकाराला लागणारे तपशील कीर्तनात गाळले जातात. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात तेराव्या अध्यायात ब्रह्मदेवाच्या नाकपुडीतून अंगठ्याएवढे वराहाचे पिल्लू बाहेर पडते आणि बघता बघता हत्तीएवढे होते. मग तो पाण्यात शिरून रसातळाला गेलेली पृथ्वी सुळ्यावर उचलून वर आणतो. सतराव्या अध्यायात हिरण्याक्षाचे वर्णन येते. त्याच्या पायात वाजणारे सोन्याचे नूपुर आहेत, गळ्यात वैजयंती माळ आहे आणि खांद्यावर मोठी गदा आहे. अठराव्या अध्यायात तो पृथ्वी घेऊन येणाऱ्या वराहाला अडवतो; वराह आधी पृथ्वीला पाण्यावर ठेवून तिच्यात आपली शक्ती घालतो आणि मगच युद्धाला उभा राहतो. एकोणिसाव्या अध्यायात वराहाच्या हातची गदा निसटून पडते, आणि समोरचा निःशस्त्र आहे म्हणून हिरण्याक्ष युद्धधर्म पाळून संधी असूनही प्रहार करत नाही. शेवटी वराह त्याला शस्त्राने मारत नाही, तर कानाच्या मुळाशी हाताचा तडाखा देऊन मारतो.

या घटनांपैकी एक निवडायची आहे. नवशिक्याने पृथ्वी वर आणण्याचा क्षण घ्यावा, कारण त्यात मुख्य आकृती एकच असते आणि पाणी, भूमीचा तुकडा व आकाश यांचा सराव एकाच चित्रात होतो. द्वंद्वयुद्ध जास्त आकर्षक वाटते, परंतु दोन झुंजणाऱ्या देहांचा तोल साधायला रेषेवर बरीच पकड लागते. पुष्कळ जुन्या चित्रांत सुळ्यावर पृथ्वी आणि हातून दैत्याचा वध असे दोन क्षण एकत्र आलेले दिसतात. तसे करायला हरकत नाही, पण ते ठरवून करावे. भागवताप्रमाणे युद्धाच्या वेळी पृथ्वी खाली ठेवलेली होती हे माहीत असून ती सुळ्यावर ठेवणे वेगळे आणि माहीतच नसणे वेगळे. मला स्वतःला निसटलेल्या गदेचा क्षण सर्वांत चित्रमय वाटतो. त्यात हालचाल थांबलेली असते, दैत्याची उगारलेली गदा हवेत असते आणि वराहाचे रिकामे हात दिसतात. ज्यांचे एखादे चित्र पूर्ण झाले आहे, त्यांनी दुसऱ्या खेपेला हा क्षण घेऊन पाहावा.

एकाच कथेतले अनेक क्षण मांडण्याच्या जुन्या चित्रकारांच्या दोन रीती होत्या. मेवाडच्या साहिबदीनने महाराणा जगतसिंहांच्या काळातील रामायणात (१६४९ ते १६५३ या वर्षांत हे काम चालले) एकाच चौकटीत तेच पात्र पुन्हा पुन्हा दाखवून प्रसंग पुढे सरकवला. गुलेरच्या माणकूने मात्र सुमारे १७४० च्या भागवत-मालेत हिरण्याक्षाची कथा अनेक पानांवर पसरली. दैत्य आपल्या महालातून बाहेर पडतो एवढ्या एका घटनेलाही त्याने स्वतंत्र पान दिले. हा माणकू म्हणजे पंडित सेऊ यांचा मुलगा आणि नैनसुखचा भाऊ. आपल्याला एकच चित्र करायचे असल्याने माणकूचीच रीत सोयीची: एक पान, एक क्षण.

शैलीची निवड करताना आपल्याकडे एक स्वाभाविक प्रश्न येतो. बेळगाव आदिलशाहीत होते, विजापूर जवळ आहे, मग दख्खनी शैली का नको? दुसरा इब्राहिम आदिलशाह सरस्वती आणि गणपती यांचे स्तवन करणारा राजा होता, आणि त्याच्या दरबारातील फर्रुख हुसेनने सुमारे १६०४ मध्ये वीणा वाजवणारी सरस्वती रंगवली, हे खरे आहे. तरीही विजापुरी चित्रकलेचा भर राजव्यक्ती, दरबार, रागमाला आणि सूफी संत यांच्यावर राहिला. वराहकथेसाठी पानापानाने समोर ठेवता येतील असे नमुने पहाडी शैलीत, म्हणजे बसोहली आणि माणकूचे गुलेर यांसारख्या हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांतील शैलीत, जास्त मिळतात, म्हणून पहिल्या चित्रासाठी बसोहली-गुलेर वळण घ्यावे असे मी सुचवेन. त्याच्या जोडीला आंबोली घाट उतरून सावंतवाडीची दशावतारी गंजिफा अवश्य पाहावी. १२० गोल पानांच्या त्या खेळात दहा अवतारांची दहा घराणी असतात आणि प्रत्येकात राजा, प्रधान व एक ते दहा अशी पाने असतात. त्यातील वराहाच्या राजाचे पान पाहिले की किती थोड्या रेषांत अवतार ओळखता येतो हे कळते. शैलींची सरमिसळ मात्र टाळावी. भूदेवीला नऊवारी नेसवण्याचा मोह आपल्याकडे सर्वांनाच होतो. मराठा वळणाच्या चित्रात ती शोभेल, पहाडी चित्रात घागरा, चोळी आणि ओढणीच हवी.

आणखी एक अडचण खास बेळगावची आहे. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकारांमुळे येथे व्यक्तिचित्राची आणि निसर्गचित्राची वास्तववादी परंपरा चांगली रुजली, आणि चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या प्रत्येकाचा हात एका बाजूने येणारा उजेड आणि दुसऱ्या बाजूची छाया शोधू लागतो. लघुचित्रात उजेड सगळीकडे सारखा असतो. जमिनीवर सावली पडत नाही, दूरची झाडे फिकट होत नाहीत, आणि आकृतीचा आकार तिच्या अंतरापेक्षा तिच्या महत्त्वावर ठरतो. वराहाच्या पोटाखाली राखाडी छाया टाकली की ते चित्र लघुचित्र राहत नाही, केवळ लहान आकाराचे जलरंगचित्र होते. म्हणून रेखाटनाच्या वेळीच पेन्सिल आडवी धरून छायांकन करण्याची सवय बंद ठेवावी आणि फक्त बाह्यरेषा काढाव्यात.

कागदासाठी परंपरेने वसली वापरतात. हातकागदाचे तीन किंवा चार ताव मैद्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून ती तयार होते. खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घातले की कसर आणि बुरशी लागत नाही. अथणीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरी ते असतेच. मोरचूद विषारी असल्याने खळीचे भांडे स्वयंपाकात परत वापरू नये. प्रत्येक ताव लावल्यावर मधून कडेकडे हात फिरवून हवा काढावी, दोन सपाट फळ्यांत वजनाखाली ठेवून पूर्ण वाळू द्यावे आणि मगच कडा कापाव्यात. ही कामे दिवाळीनंतर आणि शिमग्याच्या आत करावीत. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात कागद नुसता उघड्यावर ठेवला तरी सैल पडतो, आणि अशा दिवसांत केलेल्या वसलीला आतून वास येऊ लागतो. इतका खटाटोप नको असेल तर ३०० जीएसएमचा गुळगुळीत जलरंगाचा कागद चालतो. खरखरीत कागद मात्र अजिबात घेऊ नये, कारण केसासारखी बारीक रेषा त्यावर तुटते. आकार साधारण २० बाय ३० सेंटीमीटर, आडवा ठेवावा.

वसली वाळल्यावर ती घोटायची. यासाठी अकीक दगड लावलेला घोटणा मिळाला तर उत्तम, नाहीतर मोठी गुळगुळीत कवडी किंवा शंख चालतो. यल्लम्माच्या माळेतल्या कवड्या या कामाला फार लहान पडतात. कागद जाड काचेवर किंवा संगमरवरी फरशीवर ठेवून एकाच दिशेने, मग आडव्या दिशेने, हलका दाब देत घोटत जावे. तिरप्या उजेडात धरल्यावर कागदावर मंद चकाकी दिसली की पुरे.

रेखाटन आधी साध्या कागदावर पूर्ण करून घ्यावे. जुने कारागीर रेषांवर सुईने भोके पाडून खाका तयार करीत आणि त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटून आकृती उतरवीत. हा खाका जपून ठेवला तर तेच चित्र पुन्हा करता येते. कोळसा चिंचेच्या बारीक फांद्यांचा असला तर भुकटी मऊ होते. ठिपक्यांवरून पातळ गेरूने रेषा काढावी आणि वर सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, अगदी पातळ हात द्यावा, इतका की खालची गेरूची रेषा पुसट दिसत राहील. या पांढऱ्या अस्तरावर दुसऱ्यांदा, आता काळसर रंगाने, रेषा पक्की करायची असते. पहिल्या रेषेतील चुका सुधारण्याची जागा हीच, कारण पुढे रंग भरल्यावर मोठा बदल करता येत नाही.

रचनेत क्षितिज वर ठेवावे, पानाच्या वरच्या पाचव्या हिश्शात, आणि त्यावर आकाशाची अरुंद पट्टी. खालचा निम्मा भाग पाण्याचा. वराह पाण्यातून कमरेपर्यंत बाहेर आलेला, चेहरा बाजूने दिसणारा, आणि सुळ्यांवरची भूमी पानाच्या मध्यापेक्षा थोडी वर असली की नजर आपोआप तिकडे जाते. तोंडाच्या समोर मोकळी जागा सोडावी. मुस्कट चौकटीला टेकले तर पृथ्वी वर येते आहे असे वाटतच नाही. चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म येतात, पण ते चौघे पंख्यासारखे सारख्या अंतरावर पसरवू नयेत. दोन हात कृतीत, दोन आयुधे धरून अंगालगत, अशी विभागणी जास्त जिवंत दिसते. हिरण्याक्ष घेणार असाल तर पहाडी रीतीप्रमाणे त्याला शिंगे आणि वटारलेले डोळे द्यावेत, पण भागवतातील नूपुर, माळ आणि गदा विसरू नयेत. तो राजवैभवातला योद्धा आहे, आणि त्याला नुसता विद्रूप राक्षस केले की त्याने पाळलेल्या युद्धधर्माचा अर्थच हरवतो.

रंगांबाबत जुन्या पोथ्यांतील नावे वाचून थेट काष्ठौषधीच्या दुकानात जाऊ नये. हिंगूळ हे पाऱ्याचे आणि हरताळ हे आर्सेनिकचे संयुग आहे, आणि जुना सफेदा बहुधा शिशाचा असे. गेरू, पिवळी माती, नीळ आणि काजळ घरी वाटून वापरायला ठीक आहेत. बाकीच्या छटांसाठी नळीतले गौश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, घ्यावेत. ब्रशचे टोक ओठांनी ओले करून बारीक करण्याची पद्धत पूर्वी सर्वत्र होती, ती सोडून द्यावी. ब्रश शून्य आणि दुहेरी शून्य क्रमांकाचे, कृत्रिम केसांचे घ्यावेत. मुंगसाच्या केसांच्या ब्रशांवर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि खारीच्या शेपटीच्या केसांचा पारंपरिक ब्रश मिळवण्याच्याही मागे लागू नये. वाटलेल्या मातीरंगात बाभळीच्या डिंकाचे पाणी घालावे लागते. त्याचे प्रमाण कागदाच्या तुकड्यावर पाहून ठरते. वाळलेला रंग बोटाला लागला तर डिंक कमी आहे, आणि रंग चकाकला किंवा त्याला तडे गेले तर जास्त.

रंग भरण्याचा क्रम मागून पुढे असा असतो: आधी पार्श्वभूमी, मग पाणी, मग भूमी, मग देह आणि वस्त्रे. प्रत्येक रंग सपाट, सायीइतका दाट, पण दोन किंवा तीन पातळ हातांत द्यावा. वराह विष्णूचा अवतार असल्याने देह निळा आणि वस्त्र पिवळे येते, आणि इथेच बसोहलीची प्रसिद्ध मोहरी-पिवळी पार्श्वभूमी गोत्यात आणते, कारण पीतांबर तिच्यात विरून जातो. गडद हिरवी किंवा विटकरी पार्श्वभूमी घेतली तर निळा आणि पिवळा दोन्ही उठून दिसतात. मुख निळ्याच रंगाच्या किंचित गडद छटेत ठेवावे, म्हणजे डुकराचे डोके माणसाच्या धडावर जोडल्यासारखे वाटत नाही.

प्रत्येक दोन हातांनंतर चित्र पालथे घालून पाठीमागून घोटावे. चित्राची बाजू स्वच्छ काचेला लागलेली असावी आणि रंग पूर्ण वाळलेला असावा, एवढी काळजी पुरते. घोटल्याने रंगाचे थर कागदात बसतात आणि पृष्ठभाग पुन्हा रेषेला तयार होतो. बहुतेक जण ही पायरी आळसाने गाळतात, आणि मग शेवटच्या रेषा फुटक्या का येतात याचे कारण ब्रशमध्ये शोधत राहतात.

पाण्याला स्वतंत्र वेळ द्यावा. राखाडी-निळ्या सपाट भरावावर पांढऱ्याच्या पातळ रेषांनी चटईच्या विणीसारखे वळणारे पट्टे आणि मधूनमधून भोवरे काढावेत. वराहाच्या कमरेभोवती ही वीण फुटून वर्तुळे दाट झाली की तो खालून वर आल्याचे जाणवते. एरवी तो पाण्यात उभा राहून फोटो काढून घेतो आहे असे दिसते. दोन-तीन कमळे आणि मासे पुरेत. भूमीच्या तुकड्यावर मात्र हात राखू नये. तिथे आपल्या डोळ्यांसमोरचे काहीही बसवता येते: आंब्याची झाडे, कौलारू घरे, देवळाचे शिखर, नांगरलेली पट्टी. पहाडी चित्रकारांनी पुराणकथांच्या मागे आपल्याच खोऱ्यातल्या टेकड्या आणि झाडे रंगवली, तेव्हा सुळ्यावरच्या पृथ्वीत भीमगडच्या रानाचा किंवा मलप्रभेच्या काठाचा एखादा कोपरा आला तर त्यात परंपरेचा भंग काही नाही.

देहाला गोलाई देण्यासाठी रंग मिसळून घासू नयेत. मूळ रंगाच्याच थोड्या गडद छटेने, जवळजवळ कोरड्या ब्रशने, अतिशय बारीक रेघा किंवा ठिपके एकमेकांशेजारी देत जावेत. याला पर्दाज म्हणतात. तो केवळ कडेलगत करावा, म्हणजे बाजूच्या उजेडाचा भास होत नाही. त्यानंतर सर्व आकृत्यांची शेवटची बाह्यरेषा येते. ती काळ्या रंगाने सरसकट काढू नये. निळ्या देहाला गडद निळी, पिवळ्या वस्त्राला तपकिरी, झाडांना गडद हिरवी अशी त्या त्या रंगाची रेषा मऊ दिसते. डोळ्याची आखणी सर्वांत शेवटी, सकाळच्या उजेडात आणि हात ताजा असताना करावी. गणेशमूर्तीची आखणी करणारे कारागीर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. श्वास रोखून एका झोकात पापणीची रेषा कशी ओढायची, हे भाद्रपदाच्या आधी त्यांच्याकडे तासभर बसले तरी कळते, आणि पुस्तकातून ते कळणे अवघडच आहे.

दागिन्यांत मोती असतील तर दाट पांढऱ्याचा थेंब ब्रशच्या टोकाने ठेवून उंचवटा वाळू द्यावा. बसोहलीचे चित्रकार पाचूच्या जागी भुंग्याच्या चमकदार हिरव्या पंखकवचाचे तुकडे चिकटवीत. आपण हिरव्यावर सोनेरीचा ठिपका दिला तरी भागते. सोनेरी रंग मुकुट, कंकणे आणि चक्राची कड इतक्यापुरताच ठेवावा आणि वाळल्यावर हलके घोटावा. सभोवती दोन ते तीन सेंटीमीटरचा सपाट लाल हाशिया (किनारपट्टी) आणि आतून एक काळी व एक पांढरी रेघ एवढी चौकट बसोहली वळणाला पुरते. वेलबुट्टीचा हाशिया या पानावर भार होतो.

चित्राच्या पाठीवर स्कंध, अध्याय आणि प्रसंग शाईने लिहून ठेवावा. जुन्या चित्रमालांच्या पानांमागे श्लोक किंवा क्रमांक असत, आणि विखुरलेली पाने आज पुन्हा जुळवता येतात ती अशाच नोंदींमुळे. काचेच्या चौकटीत लावायचे असेल तर चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची कड हवी, नाहीतर दमट हवेत रंग काचेला चिकटतो. ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिथे आणि थेट उन्हाच्या समोर चित्र टांगू नये. न टांगता ठेवायचे असल्यास आम्लविरहित कागदात गुंडाळून, वर सुती कापडाचा बस्ता बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात आडवे ठेवावे आणि आश्विनाच्या उन्हाच्या दिवसांत एकदा सावलीला काढून तासभर वारा द्यावा.